तोडलेली कोकरं

धुळाप्पा हवालदाराला खडकेवाडीत एकच दुःख होतं. त्याला कुणी काही विचारत नसे.

सांगोल्यापासून पाच कोसांवरची ही वाडी. पंचवीस-तीस घरं, सगळी मेंढपाळांची. माणसांपेक्षा मेंढरं जास्त आणि झाडांपेक्षा दगड जास्त. धुळाप्पा इथलाच. पण मोठ्या लढाईच्या वेळी भरतीवाल्यांबरोबर गेला तो सरकारी बूट घालून थेट वझिरीस्तानापर्यंत पोचला, आणि मांडीत गोळी, दंडावर तीन फिती अन् दरमहा पेन्शन घेऊन सन तेवीसला परत आला. एवढं सगळं घेऊन आलेल्या माणसाने गप्प बसावं, ही अपेक्षाच चुकीची. पारावर बसून तो सांगायला लागे, "तितल्या डोंगराला गवताची काडी न्हाय बगा." लगेच कुणीतरी म्हातारा विचारी, "मग मेंढरं काय खात्यात रं?" आणि गोष्ट एकदा मेंढरांवर गेली की परत काही लढाईवर येत नसे. सात वर्षं हे असंच चाललं होतं. बिचारा पार विटून गेला होता.

त्याला विचारणारा माणूस भेटला तो सन तीसच्या मे महिन्यात, आणि तो गोरा होता.

झालं होतं असं. वाडीच्या उशाला सरकारी कुरण होतं. दोन वर्षं पावसाने ओढ दिलेली, वाडीच्या रानात नुसता फुफाटा उडत होता, आणि नेमकं त्याच साली सरकारने कुरणाला तार ओढून चराई बंद केली. त्या साली देशभर कायदा मोडायची हवा होती. लोक मीठ करत होते, झेंडे लावत होते. खडकेवाडीला मिठाशी आणि झेंड्याशी काही घेणं नव्हतं, तिला गवत हवं होतं. धुळाप्पाच्या पाठचा भाऊ ज्ञानबा एका सकाळी उठला, कुऱ्हाडीने तार तोडली आणि वाडीची आठशे मेंढरं आत घातली. फॉरेस्टचा गार्ड आडवा आला. ज्ञानबाच्या हातात कुऱ्हाड होतीच. गार्डाचा जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून गेला. ज्ञानबा आणखी चौघांना घेऊन समोरच्या डोंगरात शिरला.

दुसऱ्या दिवशी सोलापुराहून लॉरी भरून वीस बंदूकवाले शिपाई आले. त्यांच्यावर एक चोवीस-पंचवीस वर्षांचा छोटा साहेब, आणि साहेबाचं बोलणं लोकांना समजावायला कमलाकरपंत नावाचे फौजदार. बिरोबाच्या देवळापाशी चिंचेखाली त्यांनी तळ ठोकला. मग आठ दिवस जे व्हायचं ते झालं. पुरुषांना उन्हात ओणवं उभं केलं, बायकांची मडकी फोडली, कणग्या मातीत रित्या केल्या. वाडी मूग गिळून बसली. भाकरी रोज डोंगरावर जात होती, ती कोण नेतं ते वीस जणांच्या चाळीस डोळ्यांना दिसलं नाही. उलट डोंगरातून आलेल्या गोफणीच्या धोंड्याने एका शिपायाचं टाळकं फुटलं. तेव्हा साहेब संतापला आणि त्याने हुकूम काढला, की ज्ञानबा दिसेल तिथे गोळी घाला.

हे कानावर आलं तशी केराबाई उठली. ही दोघांची आई. राहायची ज्ञानबाच्या घरात, कारण धुळाप्पाच्या घरात बूट वाजायचे आणि ते तिला सोसवत नसत.

"तू त्यांचं मीठ खाल्लंयस की," ती धुळाप्पाच्या दारातूनच म्हणाली. "त्या सायबाला जाऊन सांग. हात तोडला त्याची सजा देऊ द्या. ज्ञानबा माजा जित्ता ऱ्हायला पायजे, मला दुसरं काय नको."

धुळाप्पाला भावाचा जीव प्यारा होता, यात खोटं काही नाही. ज्ञानबाला त्याने खांद्यावर खेळवला होता. पण ट्रंकेतून खाकी कोट काढताना, बिल्ले फडक्याने घासताना त्याच्या छातीत जी धडधड होत होती, ती सगळीच काही भावासाठी नव्हती.

चिंचेखाली जाऊन त्याने टाच आपटून असा कडक सलाम ठोकला की साहेबाच्या हातातला चहा हिंदकळला. साहेबाचं हिंदुस्थानी मोडकं, धुळाप्पाचं पलटणीतलं. दोघांचं चटकन जमलं. वझिरीस्तान म्हटल्याबरोबर तर पोराचे निळे डोळे चमकले. त्याने सरहद्दीची लढाई पुस्तकातच वाचली होती, आणि इथे प्रत्यक्ष तिथे लढलेला माणूस समोर उभा! त्याने धुळाप्पाला खुर्ची दिली. फौजदार उभे आणि धुळाप्पा खुर्चीत, असा तो देखावा होता.

आधी धुळाप्पाने शब्द मागितला. ज्ञानबा आपल्या पायांनी खाली आला तर?

साहेबाने छातीवर हात ठेवला. हत्याराशिवाय, हात वर करून आला तर तुरुंग मिळेल, गोळी नाही.

"मग मार थांबवा साहेब," धुळाप्पा म्हणाला. "मारून माणूस घट्ट होतो. तिकडे आम्ही मारून पाहिलं, घरं जाळून पाहिली. लोक गुहेत राहायला गेले, आणि आम्हालाच त्यांच्या राखेत झोपायची वेळ आली. शेवटी कामाला आला तो बरमता."

बरमता म्हणजे सरहद्दीवरचा सरकारी रिवाज. गुन्हेगार सापडत नाही ना, मग त्याच्या सगळ्या जमातीची जनावरं धरून ठेवायची. तो हजर झाला की सोडायची. साहेबाला हे पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं, कारण ते पुस्तकात नव्हतंच, ते धुळाप्पाच्या डोक्यातून निघालेलं होतं. नुसती मेंढरं धरली तर तिथल्या महसूद टोळीवाल्यांना फरक पडत नसे, ते महिनामहिना वाट बघत. तेव्हा शिपाई असलेल्या धुळाप्पाने आपल्या कप्तानाला एक युक्ती सांगितली. कोकरं तोडा. आया एका वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, आणि कोकरं दुसऱ्या वाघरीत. लांब नाही, चाळीस पावलांवर, एकमेकांना ऐकू जाईल अशी. पाजू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी नुसता कालवा होतो. दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या कासा दगड होतात आणि त्या रडायला लागतात. तिसऱ्या दिवशी कोकरं मरायला लागतात. ज्याने जन्मभर मेंढरं राखली त्याला ते ऐकवत नाही.

"तिसऱ्या दिवशी अख्खं गाव पागोटी हातात घेऊन आलं, साहेब. एक गोळी झाडावी लागली नाही. त्यावर मला पहिली फीत मिळाली."

साहेब खूश होऊन वहीत लिहून घेत होता. कमलाकरपंत मात्र धुळाप्पाच्या तोंडाकडे बघत राहिले होते. मग ते मराठीत हळूच म्हणाले, "हवालदार, तू मेंढपाळाच्याच पोटचा ना रे? आणि हे सांगतोस?"

"मेंढपाळाच्या पोटचा हाय म्हणूनच ठावं हाय की मला," धुळाप्पा म्हणाला. त्यात आपण काही वावगं बोललो असं त्याला वाटलं नाही. कुणाला ठार न मारता काम करायचा हाच दयेचा रस्ता, असं तो स्वतःला सात वर्षं सांगत आला होता.

साहेबाने पुढचं विचारलं. गाव शरण आलं, मग लढाई संपली?

 हा प्रश्न धुळाप्पाला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. खरं सांगायचं तर ती लढाई संपता संपत नव्हती. तो तिथे होता तेवढ्या तीन वर्षांत ती तीन वेळा संपली. दर वेळी मोठे साहेब मलिकांशी, म्हणजे टोळ्यांच्या म्होरक्यांशी, करार करत, बकरं कापलं जाई, बिगुल वाजे, आणि पलटण परत निघे. आणि मार बसे तो नेमका तेव्हाच. चढताना, लढताना जेवढी माणसं पडत नसत तेवढी परत फिरताना पडत. पाठ दिसली की दगडादगडातून माणूस उगवे. त्या पागोटेवाल्या गावातून निघतानाही पलटणीची पिछाडी धुळाप्पाच्या तुकडीकडे होती. करार झालेला, कोकरं आयांना लागलेली, सगळे हसतखेळत चाललेले. एवढ्यात मागून एक महसूद धावत आला, दोन्ही हात वर, ओरडत. जमादार म्हणाला, "थांबा, काही सांगायला येतोय." आला, आणि बाहीतून सुरा काढून त्याने शिवलिंगप्पाचं पोट फाडलं. शिवलिंगप्पा अक्कलकोटाकडचा, धुळाप्पाचा जोडीदार. तासभर कानडीत आईला हाका मारत होता. त्याचं डोकं धुळाप्पाच्या मांडीवर होतं.

"तेव्हापासून माझा कायदा एकच, साहेब," धुळाप्पा म्हणाला. "निघताना मागून जो पळत येईल त्याला विचारायचं नाही. गोळी."

साहेबाने तेही लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघरी लागल्या. शिपायांना कोकरू धरता येईना. एक धरायला जावं तर चार पायांतून पळत, आणि मेंढ्या ढुशा मारून खाकी चड्ड्यांवर शेण उडवत. शेवटी धुळाप्पाने कोट काढून ठेवला, बाह्या सारल्या आणि स्वतः आत शिरला. मागचा पाय धरायचा, उचलायचं, काखेत मारायचं. सात वर्षांत त्याने मेंढरांना हात लावला नव्हता, पण हात विसरले नव्हते. उन्हाळी वेताची दोनशे दहा कोकरं त्याने दुपारपर्यंत तोडली. ओढ्याच्या अल्याड आया, पल्याड लेकरं. वाडी लांबून बघत उभी होती, आणि बघता बघता एकेक जण घरात निघून गेला.

पहिल्या दिवशी कालवा झाला. दुसऱ्या दिवशी तो सांगितल्याबरहुकूम बदलला. मेंढ्यांचे आवाज घोगरे आणि लांबट झाले, कोकरांचे बारीक होत गेले. वाडीत चूल पेटली नाही. म्हातारे कानांत फडक्याचे बोळे घालून भिंतीकडे तोंड करून पडले. ज्ञानबाची बायको बाळाबाई अंगावर पाजणारी होती. कोकरं ओरडली की तिला पान्हा फुटे आणि चोळी भिजून जाई, मग तिचं स्वतःचं मूल पोटभर प्यालेलं असो की नसो. ती दारात बसून रडत होती आणि मधूनमधून पदराने छाती पुसत होती. धुळाप्पा समोरून गेला तर तिने त्याच्या अंगावर ताकाची लोटी फेकली. नेम चुकला.

संध्याकाळी तो आईकडे गेला. केराबाई अंगणात बसली होती.

"तुजीच करणी न्हवं ही?" तिने विचारलं.

"आये, नीट ऐक," तो म्हणाला. "ज्ञानबाला जगवायचा दुसरा रस्ता न्हाय. सायबानं शबूद दिलाय. उद्या दुपारच्या आत त्यानं खाली यायचं. कुऱ्हाड न्हाय, काठी न्हाय, घोंगडं सुदीक नगं. दोनी हात वर करून, वरडत यायचं, मंजी शिपायांस्नी कळंल. न्हाय आला, तर कोकरं लॉरीत घालून सोलापूरला खाटकाकडं नेणार हाईत, असं सांग त्याला."

ही शेवटची धमकी त्याने आपल्या पदरची घातली होती. साहेबाच्या डोक्यात तसं काही नव्हतं. पण धमकीत काहीतरी आकडा आणि ठिकाण असावं, हे तो पलटणीत शिकला होता.

केराबाईने विचारलं, "तू असशील तितं?"

"मी असतो की. माज्यासमूर कोण हात लावतंय त्याला?"

"मग सांगते," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोकरांच्या वाघरीत एकोणीस मेलेली निघाली. शिपायांनी ती पाय धरून कुंपणाबाहेर भिरकावली. पल्याडच्या मेंढ्यांतली एक कासेच्या ठणक्याने आडवी पडून पाय झाडत होती. फौजदार कमलाकरपंत तोंडाला रुमाल लावून देवळामागे जाऊन बसले होते. साहेब घड्याळ बघत होता. धुळाप्पा देवळाच्या पायरीवर उभा राहून डोंगराकडे डोळे लावून होता. ये बाबा, ये, असं तो पुटपुटत होता, आणि एकदा तर त्याने बिरोबाला कोंबडं कबूल केलं. दहा वाजले, अकरा वाजले. सूर्य डोक्यावर आला. डोंगरावरून कुणी आलं नाही.

आला तो सांगोल्याकडून, घोड्यावरून, घामाने निथळणारा एक शिपाई. त्याच्याकडे चिठ्ठी होती. सोलापूर शहरात मोठा दंगा उसळला होता, गोळीबार झाला होता, आणि असतील तिथून पोलिसांच्या सगळ्या पार्ट्या तातडीने बोलावल्या होत्या. साहेबाने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. खडकेवाडी, कुरण, गार्डाचा हात, ज्ञानबा, सगळं त्याच्या तोंडावरून पुसलं गेलं. पंधरा मिनिटांत निघायचं, असा हुकूम सुटला.

"आणि मेंढरं?" धुळाप्पाने विचारलं.

"सोडून दे," साहेब म्हणाला. तो पायांना लष्करी पट्ट्या गुंडाळत होता.

"आणि माझा भाऊ?"

साहेबाने खांदे उडवले. त्याला आता कोण शोधत बसतंय? पावसाळ्यानंतर बघता येईल.

 धुळाप्पाला एकदम हसू फुटलं. सुटला! ज्ञानबा सुटला! तुरुंग नाही की गोळी नाही. लॉरी एकदा दिसेनाशी झाली की डोंगराच्या पायथ्याशी जायचं, दोन बोटं तोंडात घालून शीळ मारायची, आणि धाकट्याला घरी आणायचा. बाळाबाई लोट्या फेकायची थांबेल, आई पुन्हा बोलेल. त्याला वाटलं, जगात एक तरी लढाई अशी निघाली की जी खरोखरच संपली. आणि ती संपताना आपण तिथे आहोत.

लॉरी ओढ्यामुळे पाच-सहाशे पावलांवर, सडकेलाच उभी होती. तिथवर पायी जायचं होतं. साहेबाने धुळाप्पाच्या पाठीवर थाप मारली. "हवालदार, चार शिपाई घे. पिछाडी तुझ्याकडे. तुझ्या पद्धतीने."

नको म्हणायला हवं होतं. पण पिछाडी! सात वर्षांनी कुणीतरी त्याच्या हाताखाली चार बंदुका दिल्या होत्या. त्याने कोट चढवला, गुंड्या लावल्या, चौघांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, की मी बोट केलं की गुडघा टेकायचा, आणि तोंडातून शब्द निघाला की घोडा ओढायचा, मागेपुढे बघायचं नाही. पोरं सोलापूरची, घाबरलेली. कुणीतरी खात्रीने सांगतोय याचंच त्यांना बरं वाटलं.

निघता निघता त्याने स्वतःच्या हातांनी दोन्ही वाघरींच्या दोऱ्या सोडल्या. जो लोंढा सुटला तो काय विचारता! आया पल्याड धावल्या, लेकरं अल्याड, मधल्या ओढ्याच्या कोरड्या वाळूत सगळी एकमेकांवर आदळली. आठशे मेंढरं एका तोंडाने ओरडत होती. धुळीचा असा लोट उठला की देऊळ दिसेना, वाडी दिसेना. पार्टी सडकेकडे चालू लागली. धुळाप्पा चौघांना घेऊन सगळ्यांत मागे, पाठीमागे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत चालला होता. त्याचे पाय बरोबर तसेच पडत होते, वझिरीस्तानात पडायचे तसे. मांडीतली जुनी गोळी ठणकत होती. पाठ वळवून निघालेली पलटण, मागे धूळ, मागे डोंगर. कोट मे महिन्याच्या उन्हात अंगाला चिकटला होता, आणि त्याला वाटत होतं की आपण कुठे आहोत ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

धुळीतून एक माणूस निघाला. दीडशे पावलांवर. दोन्ही हात वर. तो धावत होता, जिवाच्या आकांताने धावत होता, आणि काहीतरी ओरडत होता, पण मेंढरांच्या कालव्यात शब्द कळत नव्हता. नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

"हवालदार, काय करायचं?" एक शिपाई म्हणाला. "हात वर हाईत त्याचे. काय सांगायला येतोय जणू."

जमादारही हेच म्हणाला होता.

धुळाप्पाचं बोट उठलं. चार गुडघे टेकले.

"फायर."

चार गोळ्यांपैकी तीन आकाशात गेल्या. चौथी गेली नाही. धावणारा माणूस दोन पावलं तसाच आला, मग हात खाली न घेता तोंडावर पडला. सडकेवरून साहेबाने दुर्बीण लावली, हात हलवला आणि मोठ्याने ओरडला, "शाबास, हवालदार!" लॉरी सुरू झाली. चारही शिपाई धुळाप्पाला तिथेच टाकून तिकडे पळत सुटले.

धूळ खाली बसायला वेळ लागला. धुळाप्पा लंगडत परत चालत गेला. साठ पावलांवरून त्याला पाठ ओळखू आली. अंगावर घोंगडं नव्हतं. कमरेला कुऱ्हाड नव्हती. तो जवळ गेला, बसला, आणि भावाला उताणा केला. गोळी गळ्यातून गेली होती. डोळ्यांत माती होती. धुळाप्पाने ती बोटाने काढली.

केराबाई मागून येत होती. तिला पळवत नव्हतं, म्हणून ती मागे राहिली होती. ती आली आणि ज्ञानबाच्या डोक्यापाशी बसली. रडली नाही. धापा टाकत, तुटक तुटक बोलली.

"सकाळपासनं मी डोंगरात हुते. यीना. म्हणं, सायबाचा शबूद कुणी बगितलाय? म्हटलं, सायबाचा नगं, दादाचा हाय. दादा समूर हुबा ऱ्हाणार हाय. तवा उठला. मदीच त्येला दिसलं, तुमी निगाला. म्हणला, आये, दुपार टळली, कोकरं घिऊन चालले खाटकाकडं. म्हटलं, मग पळ. हात वर करून पळ, दादानं सांगितलंय तसं."

धुळाप्पाने भावाचे वर राहिलेले हात खाली आणले. अर्धा तास, फक्त अर्धा तास ज्ञानबा डोंगरातच बसला असता तरी चाललं असतं. कुणी त्याला शोधत नव्हतं. त्याला मारायची गरज जगात कुणालाच उरली नव्हती.

तिसऱ्या प्रहरी ज्ञानबाला माती दिली. धुळाप्पाला कुणी हात लावू दिला नाही, कुणी हाकललंही नाही. परत येताना वाडीतल्या माणसांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू तिथे माणूस नाही, खांब उभा आहे.

पण मेंढरं तशीच होती. तीन दिवसांत कोकरांना माणसांच्या हातांचा वास लागला होता, आणि मेंढी वासावरून लेकरू ओळखते. आया हुंगत आणि ढुशी मारून झिडकारत. कोकरं भुकेने पडायला आलेली, ज्याच्या त्याच्या पोटाखाली शिरत आणि लाथा खात. वाडी मर्तिकात बसलेली. केराबाई धुळाप्पाच्या दारात आली आणि म्हणाली, "तू तोडलीस. तूच लाव."

त्याने लावली. एकेक मेंढी धरायची, दगड झालेली कास पिळून साकळलेलं दूध मातीत काढायचं, शेवटच्या धारेने कोकराचं तोंड आणि शेपूट माखायचं, आणि मेंढीला हुंगवायचं. नाही म्हणाली तर दुसरं. दिवस बुडेपर्यंत तो कुणाच्याही मदतीशिवाय दोन गुडघ्यांवर रांगत होता. एकेक आई आपलं लेकरू चाटू लागली. ज्यांची मेली होती त्या तेवढ्या ओरडत राहिल्या. केराबाई दगडावर बसून बघत होती. शेवटी ज्ञानबाची कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी राहिली. तिने आपलं कोकरू दोनदा झिडकारलं. तिसऱ्यांदा नाक त्याच्या पाठीवर ठेवून ती थांबली, आणि मग जिभेने चाटायला लागली. कोकरू गुडघे टेकून प्यायला लागलं.

"धुळाप्पा," केराबाई म्हणाली.

"काय, आये?"

"तुला तो वळखू आला न्हाय?"

त्याने नकाराची मान हलवली. धूळ होती, कालवा होता, तो हात वर करून येत होता, असं काहीबाही त्याच्या तोंडाशी येऊन राहिलं. 

केराबाईने मेंढीकडे बोट केलं. "तीन दिसांनी हिला वळखू आलं बग."

मग ती उठली आणि बाळाबाईच्या घराकडे चालू लागली. धुळाप्पा तिथेच वाघरीजवळ बसून राहिला. कोपरापर्यंत हात दुधाने चिकट झाले होते, आणि ते कुठे पुसावेत हे त्याला कळत नव्हतं.